कळा आणण्यासाठी आधी जेल आणि मग सलाईन, असं का? थेट सलाईनच का लावत नाहीत?

कारण ही दोन औषधं वेगवेगळी कामं करतात: जेल गर्भाशयाचं तोंड मऊ करतं, तर सलाईनमधलं ऑक्सिटोसिन गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतं. तोंड घट्ट आणि लांब असताना नुसतं ऑक्सिटोसिन दिलं तर कळा येत राहतात, बाई दमते, पण तोंड उघडायचं नाव घेत नाही. म्हणून डॉक्टर आधी आतून तपासून बिशप स्कोअर, म्हणजे तोंड प्रसूतीसाठी किती तयार आहे याचे गुण, काढतात. तो कमी असेल तर डायनोप्रोस्टोन जेल किंवा तेच काम करणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी. स्कोअर मुळात चांगला असेल तर थेट सलाईनही लावतात, तेव्हा जेल सगळ्यांनाच लागतं असं नाही.

मिसोप्रोस्टॉलचा डोस ऐकून दचकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत तो तोंडावाटे 25 मायक्रोग्रॅम, दर 2 तासांनी असा आहे. गोळी मात्र बहुधा 200 मायक्रोग्रॅमची मिळते, त्यामुळे मोजमाप दवाखान्यातच व्हायला हवं. जेलनंतर सलाईन लावायला साधारण 6 तास थांबतात, नाहीतर दोन्हींचा जोर एकत्र येऊन कळा अति होतात आणि बाळाचे ठोके मंदावू शकतात. ऑक्सिटोसिनचं बरं असं की थेंब बंद केले की असर लवकर ओसरतो. पोटात गेलेली गोळी परत काढता येत नाही.

एक अपवाद: आधीचं सिझेरियन असेल तर जुना टाका उसवण्याच्या भीतीने मिसोप्रोस्टॉल टाळतात. तसं असेल तर ते दाखल होतानाच सांगा.