प्लेसमेंटच्या तोंडावर रक्तदान शिबिराची जबाबदारी घ्यावी का?

प्रश्नाचा तपशील: नवी मुंबईत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या ऑगस्टमधल्या रक्तदान शिबिराची जबाबदारी एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सरांनी माझ्यावर टाकली आहे. नेमक्या त्याच महिन्यात कंपन्या यायला लागतात. मोठा भाऊ म्हणतो, असल्या उद्योगांनी नोकरी मिळत नाही. रेझ्युमेवर याचा काही उपयोग होतो का? मुलगी आहे, घरचे जरा जास्तच काळजी करतात.

उत्तर:

घे जबाबदारी.

आता का ते सांगते, आणि सांगताना वाहवत जाणार, कारण तुझ्या भावाचं ते वाक्य मी गेली चौदा वर्षं दर भाऊबीजेला ऐकतेय. ओवाळून ताट खाली ठेवायच्या आत आमचा दादा म्हणतो, ‘रक्तदान करायला गेली आणि नोकरीचं दान करून आली.’ सगळे हसतात. विनोद तोच, हसणारेही तेच. (आणि त्या दिवशी मी रक्तदान केलंच नव्हतं. ते पुढे येईल.)

२०११ चा ऑगस्ट. मी शेवटच्या वर्षाला. घर कळव्याला, कॉलेज ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर. शिबिर ठरून महिना झाला होता. रक्तपेढीची तारीख मिळाली होती, हॉल मिळाला होता, खाटा सांगून झाल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी नोटीस लागली की सोमवारी पूल ड्राइव्ह (अनेक कॉलेजांच्या मुलांसाठी एकत्र भरती) आहे, दुसऱ्या कॉलेजात, सकाळी आठला हजर. आमचं शिबिरही सोमवारीच. टीपीओ सरांनी, म्हणजे प्लेसमेंट बघणाऱ्या सरांनी, केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘तुला सर्टिफिकेट हवंय की ऑफर लेटर?’ मी म्हटलं, सर, शिबिर माझ्या नावावर आहे. ते म्हणाले, ‘नावावर म्हणजे काय, सातबारा आहे का तुझा?’

मी ड्राइव्हला गेले नाही. आणि घरी सांगितलंही नाही.

शिबिरात पहिली चूक साडेदहालाच कळली. तो श्रावणी सोमवार होता. रिकाम्या पोटी रक्त देऊ नका असं फलकावर मीच ठळक अक्षरात लिहिलं होतं, पण निम्म्या मुलांचा उपास असणार हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मेकॅनिकलचा एक दांडगा मुलगा सकाळपासून नुसत्या चहावर आलेला. रक्त देऊन उठला, जिन्यापर्यंत गेला आणि कठडा धरून हळूहळू खाली बसला. चेहरा पांढराफटक. त्याला आडवं केलं, पाय बाकावर टेकवले, तोंडात ग्लुकोजचं बिस्किट कोंबलं. पाच मिनिटांनी डोळे नीट उघडून पहिलं वाक्य काय, तर ‘आईला सांगू नका.’ चक्कर आल्याचं नाही, बिस्किट खाल्ल्याचं. मग दोन पोरं स्टेशनबाहेर पिटाळली, सहा डझन केळी आणि राजगिऱ्याचे लाडू आणले, आणि दारातच प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली: उपास आहे का?

पण मला सांगायचंय ते निळ्या पाण्याचं.

नोंदणीच्या टेबलाशेजारी रक्तपेढीच्या सिस्टर बसल्या होत्या. समोर छोट्या काचेच्या भांड्यात निळं पाणी. मोरचुदाचं पाणी ते, म्हणजे कॉपर सल्फेट. बोट टोचायचं आणि रक्ताचा थेंब वरून त्यात सोडायचा. थेंब पंधरा सेकंदांत तळाला गेला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त, रक्त देता येतं. मध्येच घुटमळला किंवा वर आला तर नाही. बस, एवढीच परीक्षा.

मुलांचे थेंब सरळ तळाला जात होते. मुलींचे लोंबकळत होते. एक मुलगी तर भांड्यावर वाकून थेंबाला म्हणत होती, ‘जा ना, जा ना रे.’ नाही गेला. दुपारपर्यंत ६१ मुली आल्या, त्यातल्या ३८ परत गेल्या. कॉपी करताना सापडल्यासारखं तोंड करून हॉलमधून निघत होत्या. त्या अडतिसांत मीही होते. गळ्यात व्हॉलंटियरचा बिल्ला, आणि माझाच थेंब तरंगतोय.

सरांच्या अहवालात फक्त बाटल्यांचा आकडा जाणार होता (पिशव्या असतात, पण सगळे बाटल्याच म्हणतात): ७४. मी परत गेलेल्या मुलींची नावं एका जर्नलच्या मागच्या पानांवर उतरवली. नाव, ब्रँच, वर्ष. सर म्हणाले, ‘याला कुठे कॉलम आहे?’ कॉलम नव्हता, मी आखला.

रात्री घरी पोचले तर दादा दारातच. त्याला मित्राकडून कळलं होतं. दोन तास भांडण झालं. त्याचं म्हणणं एवढंच की लोकांची पोरं आज टाय लावून बसली होती आणि तू केळी वाटत होतीस. आई पोळ्या करत होती, एक शब्द बोलली नाही. दोन पोळ्या लाटायची आणि ओट्याला टेकून उभी राहायची, मग पुढच्या दोन. हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्या रात्री पहिल्यांदा मला ते निळं पाणी आठवलं. पुढच्या आठवड्यात तिला तपासायला नेलं. हिमोग्लोबिन ७.८. डॉक्टर म्हणाले, या जिने चढतात कशा? गर्भाशयात गाठ निघाली, वर्षभरात ऑपरेशन झालं. आई आता ठाण्याला दादाकडे असते, रोज तलावपाळीला चकरा मारते आणि दम लागला म्हणून सुनेलाच थांबवते. भाऊबीजेच्या विनोदात हा भाग येत नाही. मी काढलेलाही नाही, आईला आवडत नाही तिच्या आजारपणाचं बोललेलं. इथे तिला वाचता येणार नाही म्हणून लिहितेय.

त्या जर्नलमधल्या मुलींना गाठून मी लोहाच्या गोळ्यांचं बघितलं. पालिकेच्या आरोग्य केंद्रात मिळतात. जेवणानंतर घ्यायच्या, लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर बरं, आणि चहा गोळीच्या आसपाससुद्धा नको. हे शेवटचं पाळायला लावणं सगळ्यात अवघड. सगळ्या काही ऐकल्या नाहीत. फेब्रुवारीत दुसरं शिबिर घेतलं तेव्हा त्यातल्या १९ जणी परत आल्या आणि १४ जणींचे थेंब बुडाले. माझाही. खाटेवर पडून मी ३५० मिली दिलं तेव्हा दादाला मेसेज केला होता, आज खरंच दिलं म्हणून. उत्तर आलं नाही.

आता तुझा प्रश्न. रेझ्युमेवर उपयोग होतो का?

‘एनएसएस व्हॉलंटियर, रक्तदान शिबिराचे आयोजन, नेतृत्वगुण, टीमवर्क’ असं लिहिलंस तर शून्य उपयोग. मी आता महापेला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, वर्षातून दोनदा फ्रेशर्सच्या पॅनलवर बसते. प्रत्येक रेझ्युमेवर नेतृत्वगुण असतात. एकाच फेस्टच्या आयोजन समितीत ऐंशी जण असतात आणि ऐंशीही जण प्रमुख असतात. मी एकच विचारते: काय चुकलं आणि मग तू काय केलंस? तिथे बहुतेकांची गाडी अडते. सगळं छान झालं मॅडम, म्हणतात. ज्याने खरंच काम केलंय त्याला चुकलेलं पहिलं आठवतं. फेस्टला नावं ठेवत नाही हं. स्पॉन्सर शोधायला उन्हात दुकानं पालथी घातलेला पोरगा मला स्टेजवर निवेदन करणाऱ्यापेक्षा केव्हाही चालेल. स्टेजवरच्याला टाळ्या मिळाल्यात, त्याचं काम झालं.

माझ्या मुलाखतीत असंच झालं. समोर एक वयस्कर गृहस्थ होते, रेझ्युमे चाळत म्हणाले, ‘७४ बाटल्या. आणि किती नाकारल्या?’ मला आकडा तोंडपाठ होता. मग विचारलं, त्या मुलींचं पुढे काय केलंस? मी जर्नलच्या मागच्या पानांचं सांगितलं, १९ आणि १४ चं सांगितलं. त्यांनी रेझ्युमे उलटा ठेवला. टेस्टिंगमध्ये दिवसभर हेच काम, काय फेल झालं ते लिहायचं आणि पुन्हा तपासायचं. पगार १२ हजार होता, कॉन्ट्रॅक्टवर, आणि ही मुलाखत पदवीनंतर दहा महिन्यांनी मिळाली होती. ते दहा महिने घरात कसे गेले ते विचारू नकोस. दादाची बाजू त्या दहा महिन्यांत भक्कम होती, हे मान्य करते.

आणि त्या गृहस्थांसमोर बसायला मिळालं कारण आधी ॲप्टी, म्हणजे गणित-तर्काची चाळणी परीक्षा, पास झाले होते. त्या दिवशी दोनशेच्या वर पोरं होती, ॲप्टीनंतर तीसेक उरली. तिथे कोणी शिबिराचं विचारत नाही. म्हणून ॲप्टी सोडू नकोस. पण त्यासाठी क्लास लावून हजारो रुपये घालवायची गरज नाही, रोज एक तास पुरतो. मी ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून बसायला जागा मिळाली की गणितं सोडवायचे. अमुक लांबीची गाडी तमुक लांबीचा प्लॅटफॉर्म किती सेकंदांत ओलांडेल, हे तुर्भ्याला दारात लटकलेल्या माणसाला विचारून बघ. कोडिंगचं मात्र गाडीत होत नाही, त्याला रात्रीच बसावं लागतं. ते कसं करायचं हे तुझ्या बॅचची मुलं माझ्यापेक्षा नीट सांगतील, माझ्या वेळचा पेपर आता राहिलेला नाही.

शिबिराचं मात्र मी सांगू शकते. बाटल्यांच्या विक्रमामागे लागू नकोस. ‘गेल्या वर्षी दीडशे, यंदा दोनशे’ हा प्राचार्यांचा खेळ असतो. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त ५. एका दिवशी ढीग जमवून पुढे महिने काहीच नाही, याचा रुग्णाला काय फायदा? पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाने प्लेटलेट्सची मागणी वाढते, त्यामुळे ऑगस्टचं शिबिर योग्यच आहे. पण खरा तुटवडा मे महिन्यात आणि दिवाळीत पडतो, कारण तेव्हा कॉलेजं बंद असतात आणि लोक गावाला गेलेले असतात. सुट्टी लागायच्या तोंडावर एक शिबिर घ्यायला सरांना पटवता आलं तर बघ. वजन ४५ किलोच्या खाली असेल, वर्षभरात टॅटू काढला असेल, तर चालत नाही. मुलांनी दोन वेळा देण्यात ३ महिन्यांचं अंतर ठेवायचं, मुलींनी ४. हे नोंदणीच्या रांगेतच सांग, टेबलावर नाही. आणि एनएसएसच्या १० ग्रेस मार्कांसाठी आलेल्या पोरांना हाकलू नकोस, खाटा तीच उचलतात. मीही पहिल्या वर्षी मार्कांसाठीच गेले होते.

तुझ्या ड्राइव्हची आणि शिबिराची तारीख एकच आली तर? आमच्यासारखं करू नकोस, म्हणजे माझ्यासारखं. आजपासूनच एक दुसरी मुलगी तयार कर, जिला रक्तपेढीचा नंबर, खाटावाल्याचा नंबर आणि हॉलची किल्ली कुठे असते ते सगळं माहीत असेल. मी कोणाला काही सांगितलंच नव्हतं, सगळं माझ्या वहीत. त्यामुळे मला जाता आलं नाही हेही खरं आहे. तेव्हा मला तो त्याग वाटला होता.

आणि एक गोष्ट वरती सांगायला हवी होती, राहून गेली. त्या सोमवारी माझी एक केटी (नापास होऊन राहिलेला विषय) लटकलेली होती. रिव्हॅल्युएशनला टाकली होती, निकाल यायचा होता. कंपनीची अट होती, एकही केटी नको. टीपीओ सर ‘बघू, बसवतो’ म्हणाले होते, त्यांनी बसवलं असतं की नाही देव जाणे. रिव्हॅल्युएशनचा निकाल सप्टेंबरमध्ये आला, तीन मार्कांनी गेलीच होती. म्हणजे निवड झाली असती तरी पुढे कागदपत्रांत अडकले असते. दादाला हे मी अजून सांगितलेलं नाही. त्याच्या मते मी नोकरी घालवली, माझ्या मते मी ती सोडली, आणि आम्हा दोघांनाही आपापली गोष्ट बरी पडते. तुझी केटी असेल तर आधी ती काढ, शिबिर गेलं खड्ड्यात.

तुझा भाऊ वाईट नाही. त्याला फक्त टाय लावलेली पोरं दिसतात. शिबिराच्या दिवशी त्याला बोलाव आणि त्या निळ्या पाण्याच्या टेबलाशेजारी नावं लिहायला बसव. माझ्या दादाला मी बोलावलं नव्हतं.

तारीख ठरवायच्या आधी कालनिर्णय उघडून बघ. श्रावणी सोमवार टाळ, आणि टळला तरी केळी आणून ठेव.