वाचकांचे प्रश्न : पूल कुठला खरा?

प्रश्न : दिग्दर्शक लेओस काराक्सचा 'ले आमां द्यु पों-नफ' (1991) हा फ्रेंच चित्रपट पाहिला. नजर अधू होत चाललेली चित्रकार मिशेल आणि तोंडातून आगीचे लोळ काढून पोट भरणारा अ‍ॅलेक्स, दुरुस्तीसाठी बंद असलेल्या पुलावर राहतात. पॅरिसच्या मध्यावरचा पूल चित्रीकरणाला इतके दिवस मिळाला कसा?

उत्तर : मिळाला नाहीच. पों-नफ म्हणजे 'नवा पूल'. प्रत्यक्षात 1607 मध्ये पुरा झालेला हा पॅरिसमधला आज उभा असलेला सर्वांत जुना पूल. 1988 च्या उन्हाळ्यात थोड्याच दिवसांची परवानगी होती. बेत असा, की दिवसाचे प्रसंग तिथे उरकायचे आणि रात्रीचे दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएजवळच्या लांसार्ग गावी उभारलेल्या सेटवर घ्यायचे. पण अ‍ॅलेक्स झालेल्या दनी लावांच्या अंगठ्याला दुखापत झाली, परवानगीची मुदत निघून गेली आणि दिवसही सेटवरच उजाडणं भाग पडलं.

गणित बिघडलं ते इथे. रात्रीचा सेट स्वस्तात निभावतो, कारण दिसतात फक्त उजळलेल्या खिडक्या, कठड्याची कड आणि पाण्यातले दिवे. मागची इमारत सपाट फळ्यांची असली तरी कुणाला कळत नाही. उन्हात मात्र प्रत्येक कंगोऱ्याची सावली पडावी लागते. ती नसली की भिंत पुठ्ठ्याची वाटते. त्यात दूरच्या इमारती मुद्दाम लहान मापात बांधलेल्या असल्या, तर कॅमेऱ्याच्या जागा मोजक्याच उरतात. तो भलतीकडे सरकला किंवा माणूस त्या भिंतीजवळून गेला, की माप उघडं पडतं. सेट वाढवावा लागला, पैसे संपले, काम रखडलं, निर्माते बदलले. शेवटी क्रिस्तियां फेशनर यांनी चित्रपट तडीस नेला.

कफल्लक माणसांच्या गोष्टीवर एवढा पैसा उधळावा का, हा आक्षेप तेव्हापासून आहे. आम्हाला तो अर्धाच पटतो. सुरुवातीला अ‍ॅलेक्सला पॅरिसजवळच्या नांतेरमधल्या बेघरांच्या निवाऱ्यात नेतात, तो भाग खऱ्या बेघर माणसांमध्ये, माहितीपटासारखा कोरडा घेतलाय. आतषबाजी आणि झगमगाट येतो तो मिशेल त्याच्या आयुष्यात आल्यावर. तो त्याला दिसणारा पॅरिस आहे. (मिशेल झालेली ज्युलिएत बिनोश स्वतःही चित्रं काढते, हे जाता जाता.)

प्रश्न : आमच्या लघुपटात रस्त्यावर राहणारं जोडपं आहे. कपड्यांना माती फासली, तरी ते नाटकातल्यासारखे दिसतात.

उत्तर : माती सगळीकडे सारखी लागली असणार. कपडा झिजतो तो ठरावीक जागीच : कॉलरची आतली घडी, बाह्यांच्या कडा, कोपरं, गुडघे, खिशाचं तोंड. आधी कपडा तीन-चारदा धुऊन त्यातली खळ काढा. मग त्या जागा बारीक पॉलिशकागदाने घासा, गडद चहाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. खिशात दगड घालून दोन दिवस टांगून ठेवलं की खिसा लोंबतो. माती सगळ्यात शेवटी, ओल्या बोटांनी, तीही थोडीच.

प्रत्येक पात्राला एकसारखे किमान दोन जोड करा. पावसाचा प्रसंग असेल तर तीन, कारण भिजलेला जोड पुढच्या टेकपर्यंत वाळत नाही. प्रत्येक प्रसंगानंतर समोरून, मागून आणि हातांचे फोटो काढून ठेवा. सर्वांत आधी घोटाळा होतो तो नखांचा. दुपारी जेवायला हात धुतले जातात आणि पुढच्या शॉटमध्ये नखं स्वच्छ.