लहानपणी खेळलेला मारिओ आज पुन्हा खेळला तर तितकीच मजा येते का?

शाळकरी वयात टीव्हीला जोडून खेळलेला मारिओ आता मोठेपणी पुन्हा खेळायला घेतला तर मजा येईल की आठवणींचाही विरस होईल, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या अनुभवावरून सांगायचे तर मजा येते, पण ती आठवणीतली मजा नसते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याच्या निन्टेन्डो स्विच या गेमच्या यंत्रावर जवळजवळ पंचवीस वर्षांनी खेळलो, आणि बसताना तुमच्यासारखीच धाकधूक मलाही होती. घडले मात्र उलटे. लहानपणी ज्या गोष्टींवरून आम्ही त्या खेळाला लबाड ठरवले होते, त्यांतल्या बहुतेक लबाड्या खेळाच्या नव्हत्याच. त्या आमच्या टीव्हीच्या आणि आमच्या यंत्राच्या होत्या.

आमच्या घरी जो ‘व्हिडिओ गेम’ होता तो मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीचा नव्हता. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या तिच्या फॅमिकॉम या यंत्राच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या बाजारात मिळत, त्यांतलीच ती एक होती. अँटेनाची वायर काढून त्या जागी याची वायर खुपसायची, चॅनेलचे बटण चिमटीत धरून केसभर पुढे-मागे फिरवायचे, आणि मुंग्या जाऊन चित्र स्थिरावले की कोणीही टीव्हीजवळून चालायचे नाही, असा शिरस्ता होता. टीव्ही चौदा इंची आणि कृष्णधवल होता. ही शेवटची गोष्ट किती महत्त्वाची होती, हे मला त्या दिवाळीत कळले.

या खेळातली कासवे दोन रंगांची असतात. हिरवे कासव चालत चालत कड्यावरून सरळ खाली पडते, तर लाल कासव कडेपर्यंत येऊन मागे वळते. ज्याला हे दिसते त्याला उडी कधी मारायची हे आधीच कळते. आम्हाला दोन्ही कासवे राखाडीच दिसत, त्यामुळे कोणते वळेल आणि कोणते पडेल याचा काही नियम असेल अशी शंकाही आम्हाला कधी आली नाही. मश्रूमचेही तसेच होते. एक खाल्ल्यावर मारिओ मोठा होतो आणि दुसरे, हिरवे, एक लाईफ देते. आमच्या घरी मात्र ते खाऊन झाल्यावरच कळत असे. आणखी गंमत म्हणजे, ढग आणि झुडूप हे एकच चित्र असून फक्त रंग बदलून वापरलेले आहे, ही गोष्ट आजकाल मोठे गुपित म्हणून सांगितली जाते. रंगांनी भुलण्याची सोय नसलेल्या आम्हाला तरी ती दिसायला हवी होती, पण तीही दिसली नाही.

दुसरा धक्का वेगाचा होता. पहिल्या स्टेजमध्ये मी दोनदा खड्ड्यात पडलो तेव्हा वय झाले असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती, पण संगीतही घाईत वाजत असल्यासारखे वाटले तेव्हा मी शोधायला लागलो. कारण साधे निघाले. हा खेळ जपानी आणि अमेरिकी टीव्हीसाठी लिहिलेला होता, आणि त्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. आपल्याकडच्या टीव्हीची पाल (PAL) ही पद्धत ५० वेळा बदलणारी आहे. या खेळातले धावणे, पडणे, संगीताची लय आणि कोपऱ्यातले घड्याळ हे सगळे चित्रांच्या गणतीवर चालते, त्यामुळे पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांत तोच खेळ साधारण सहाव्या हिश्शाने सावकाश होत असे. घड्याळातले ४०० म्हणजे सेकंद नव्हेत. २४ चित्रे झाली की त्यातला एक आकडा कमी होतो. मुळात ही मुदत दोन मिनिटे चाळीस सेकंदांची आहे, तर आमच्याकडे ती तीन मिनिटे बारा सेकंदांची होती. आमच्या बोटांना जी लय पाठ होती ती त्या मंद खेळाची होती. तेव्हा तुम्हीही अशाच यंत्रावर खेळला असाल, तर पहिल्या दिवशी हात अडखळला म्हणून खट्टू होऊ नका. शिवाय आजचे सपाट टीव्ही बटण दाबल्यानंतर चित्र दाखवायला किंचित उशीर करतात, म्हणून सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करून घ्या.

आमच्या रिमोटवर (आम्ही रिमोटच म्हणायचो) ए आणि बी यांच्या जोडीला टर्बोची दोन बटणे होती, आणि ती जास्त ताकदीची असणार असे मानून धाकटा भाऊ टर्बोनेच उडी मारत असे. या खेळात ए जितका वेळ दाबून धरावा तितकी उडी उंच जाते. टर्बो तर बटण सतत दाबते आणि सोडते. त्यामुळे त्याच्या उड्या बुटक्याच राहत, आणि त्याला खेळता येत नाही असे आमचे सर्वानुमते ठरले होते. हे मी त्याला फोन करून सांगितले. झेंड्याच्या खांबावर सर्वांत वर उडी मारली की फटाके वाजतात, ही आमची दुसरी श्रद्धा. प्रत्यक्षात खांबाला हात लागताना घड्याळाचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असला तरच ते वाजतात, आणि जितका आकडा तितकेच वाजतात.

एवढे अडथळे दूर झाल्यावर जो खेळ उरतो, त्याची बांधणी पाहून मी चकित झालो. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो १९८५ साली केला, आणि त्यात शिकवणीचा एक शब्दही नाही. १-१ मध्ये, म्हणजे पहिल्या जगाच्या पहिल्या स्टेजमध्ये, मारिओ डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, म्हणून माणूस आपोआप उजवीकडे जातो. प्रश्नचिन्हाच्या विटेतून निघालेले पहिले मश्रूम उजवीकडे घसरत जाते, पाइपवर आपटते आणि उलट तुमच्याकडेच येते. त्याला शत्रू समजून टाळायला जावे तरी बहुधा ते अंगाला लागतेच, आणि ते चांगले असते हे तेव्हाच कळते. स्टेजच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने आहेत आणि त्यांच्या मधे सपाट जमीन आहे. थोडे पुढे पुन्हा तसेच दोन जिने येतात, पण या वेळी मधे खड्डा असतो. हीच उडी आधी चुकली तरी चालेल अशा जागी मारून घेतलेली असते. ही जोडी मी लहानपणी शेकडो वेळा ओलांडली असेन, पण ती मांडणी या वेळी प्रथमच दिसली. शेजारी बसलेला भाचा मात्र वेगळ्याच गोष्टीने हैराण झाला होता: “मामा, मागे जा ना, तिकडे नाणं राहिलं!” या खेळात पडदा डावीकडे सरकत नाही, हे त्याला अखेरपर्यंत पटले नाही.

सगळेच उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. पूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला आहे आणि नंतरच्या भागात ती काटकसर जाणवते. ५-३ ही १-३ चीच कठीण आवृत्ती आहे, ७-२ म्हणजे पुन्हा २-२ चे पाणी, आणि ६-४ चा किल्ला पहिल्याच किल्ल्यावरून उचललेला आहे. तिथे मलाही कंटाळा आला.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. स्विचवर खेळ मागे फिरवून चूक पुसण्याची सोय आहे. ती पहिल्या खेपेला वापरू नका, कारण उडी अंगात मुरण्याआधीच पुढची स्टेज येते. त्याऐवजी मूळ खेळातलीच एक सवलत घ्या. सगळ्या लाईफ संपल्या की सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबा, म्हणजे ज्या जगात संपलात त्याच जगाच्या पहिल्या स्टेजपासून सुरू होते. आम्हाला हे ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही दरवेळी १-१ पासून यायचो आणि आठव्या जगात पोचेपर्यंत जेवायला हाक येत असे.

मी तीन आठवड्यांनी ८-४ ही शेवटची स्टेज पार केली. राजकन्या भेटल्यावर खेळ थोड्या अधिक कठीण रूपात पुन्हा सुरू होतो, आणि त्यात पहिल्या स्टेजपासूनच गूम्बा या तपकिरी, चालत येणाऱ्या शत्रूंच्या जागी टणक कवचाचे भुंगे येतात. मी पहिल्या भुंग्यावर ऐटीत उडी मारली आणि त्याचे कवच उजवीकडे लाथाडले. ते पहिल्या पाइपवर आपटले आणि मश्रूमसारखेच माझ्याकडे परत आले.