मुलाला शाळेत टी-शर्ट उलटा घालायला लावला, अमेरिकेत फ्री स्पीच असतं ना?

तुमचा प्रश्न वाचला. मुलगा न्यू जर्सीतल्या पब्लिक हायस्कूलमध्ये नववीत, शर्टावर 'युद्ध थांबवा' एवढी एकच ओळ, आणि व्हाइस प्रिन्सिपलने बाथरूममध्ये पाठवून तो उलटा घालायला लावला, पोरगं दिवसभर शिवण बाहेर आणि मानेवर लेबल लोंबतंय अशा अवतारात घरी आलं. राग येणारच हो.

मी वकील नाही. पण माझ्या दोन मुली इथल्याच शाळांत वाढल्या आणि थोरलीने शाळेशी दोनदा पंगा घेतला, त्यामुळे हे सगळं झक मारत वाचावं लागलं.

पब्लिक स्कूल म्हणजे इथे खरंच सरकारी शाळा, आपल्याकडे पाटीवर 'पब्लिक स्कूल' लिहून भरमसाट फी घेतात ती नव्हे. फर्स्ट अमेंडमेंट (इथल्या घटनेतली फ्री स्पीचची हमी देणारी दुरुस्ती) फक्त सरकारला बांधतं, त्यामुळे मुलगा प्रायव्हेट शाळेत असता तर ते अमेंडमेंट दाखवून काहीच झालं नसतं. सरकारी शाळेत मात्र दाद मागता येते.

तुमची केस जवळपास टिंकर केससारखीच आहे. डिसेंबर 1965, आयोवातलं डे मॉइन शहर, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात काही मुलांनी दंडाला काळी पट्टी बांधून शाळेत जायचं ठरवलं, प्रिन्सिपल लोकांना आधीच कुणकुण लागली आणि त्यांनी घाईघाईने बंदीचा नियम करून टाकला. मेरी बेथ टिंकर तेव्हा 13 वर्षांची होती, तिला आणि इतरांना सस्पेंड केलं. 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 असा मुलांच्या बाजूने निकाल दिला, की शाळेच्या गेटमधून आत शिरताना मुलं आपले हक्क बाहेर काढून ठेवत नाहीत. पण शाळेच्या कामात मोठा व्यत्यय आला किंवा येणार असं वाटायला ठोस कारण असलं, किंवा दुसऱ्या मुलांच्या हक्कांवर गदा आली, तर शाळा थांबवू शकते. नुसतं 'उगाच वाद नको' चालत नाही. आणि एक बारीक गोष्ट, त्याच शाळांमध्ये निवडणुकीचे बिल्ले लावून मुलं येत होती, त्याला कोणी हरकत घेतली नव्हती, बंदी फक्त काळ्या पट्टीवर, आणि कोर्टाने हे नेमकं पकडलं. म्हणून मुलाला विचारा की इतर पोरांच्या शर्टावर काय काय लिहिलेलं असतं, ते चालतं का. ड्रेसकोडमध्ये 'कुठलाच मजकूर नको' असं सरसकट असेल आणि सगळ्यांना सारखंच लावत असतील तर मात्र शाळेची बाजू भक्कम होते.

आता उलटी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही उद्याच तावातावाने ऑफिसात जाल. कॅलिफोर्नियात मॉर्गन हिल नावाचं गाव आहे, तिथल्या हायस्कूलमध्ये 2010 च्या सिंको दे मायोला (मेक्सिकन लोकांचा दिवस) काही मुलं अमेरिकेच्या झेंड्याचे शर्ट घालून आली. त्यांनाही हेच सांगितलं, उलटा घाला नाहीतर घरी जा. अमेरिकेत, अमेरिकेचा झेंडा! पण त्या शाळेत आधी मारामाऱ्या झाल्या होत्या, आदल्या वर्षी त्याच दिवशी झेंड्यावरून वाजलं होतं, त्यामुळे अपील कोर्टाने शाळेला बरोबर ठरवलं आणि सुप्रीम कोर्टाने ती केस ऐकायलाच घेतली नाही. मला हा निकाल अजून पटलेला नाही, कारण त्यात धमकी देणारा सुटतो आणि शर्ट घालणारा गप्प बसतो. पण तो आहे. त्यामुळे तुमच्या शाळेत या विषयावरून आधी काही झालंय का हे कळल्याशिवाय भांडायला जाऊ नका.

मला हे सगळं वाचून एकच खूण सापडली, माईक कोणाचा? शर्ट, दंडावरची पट्टी हा मुलाचा स्वतःचा माईक. शाळेचं स्टेज, शाळेचा पेपर हा शाळेचा. 1986 ची फ्रेझर केस बघा, भर असेंब्लीत एका मुलाने मित्रासाठी प्रचाराचं भाषण केलं, सगळं द्व्यर्थी, पोरं खिदळली, तो सस्पेंड झाला आणि सुप्रीम कोर्टातही हरला. 1988 ची हेझलवूड तर माझ्या जिव्हारी लागलेली. मिसुरीतल्या प्रिन्सिपलने शाळेच्या पेपरातली दोन अख्खी पानं काढली, लेख होते मुलींच्या गरोदरपणावर आणि आईबापांच्या घटस्फोटावर, कोर्ट म्हणालं पेपर शाळेच्या अभ्यासाचा भाग आहे, शिक्षणाशी संबंधित रास्त कारण असलं की झालं. आमच्या थोरलीने शाळेची बाथरूम दुपारी कुलूपबंद का असतात यावर लेख लिहिला होता, वेळा टिपून, आठ दिवस खपून, तो छापून आला तेव्हा त्याचा 'स्वच्छता आपली जबाबदारी' झाला होता! मी रागाने इमेल लिहिलं, मग हेझलवूड वाचलं आणि ते ड्राफ्टमध्येच राहिलं. न्यू जर्सीने नंतर 2021 मध्ये शाळेच्या पेपरांना संरक्षण देणारा कायदा केला, तोवर ही कॉलेजात.

अलास्कातली 2007 ची बॅनरवाली केस ('बाँग हिट्स 4 जीझस', रस्त्यापलीकडे धरलेला 14 फुटी बॅनर) मुलगा हरला, कारण ड्रग्जचा प्रचार वाटला. तुम्हाला तिचा उपयोग नाही.

फोनचं मात्र मुलाला सांगून ठेवा. पेनसिल्व्हेनियात एका मुलीला चीअरलीडिंगच्या मोठ्या टीममध्ये घेतलं नाही, तिने शनिवार-रविवारी दुकानातून स्नॅपचॅटवर शाळेला शिव्या घातल्या, शाळेने वर्षभर टीममधून काढलं. 2021 मध्ये ती 8 विरुद्ध 1 जिंकली. शाळेबाहेर शाळेचा हात आखडता राहतो, पण धमकी, छळ, बुलिंग असेल तर घरी बसून केलेलंही अंगाशी येतं.

थोरलीचा दुसरा पंगा प्लेजचा, म्हणजे झेंड्यासमोर म्हणायच्या निष्ठेच्या शपथेचा. सकाळी सगळे छातीवर हात ठेवून उभे राहतात तेव्हा ही बसून राहिली. टीचरचा फोन आला आणि मी, लाज वाटते सांगायला, तिला म्हणाले, अगं आपण व्हिसावर आहोत, गपचूप उभी राहा ना. ती म्हणाली, आई, 1943. खरंच होतं. बार्नेट केस, वेस्ट व्हर्जिनिया, यहोवा विटनेस पंथाची मुलं, ऐन महायुद्धात कोर्टाने सांगितलं की झेंड्याला सलाम सक्तीने करायला लावता येणार नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात 'निदान उभं तरी राहा' असं होतं, तेही 1978 मध्ये फेडरल अपील कोर्टाने उडवलं. आपल्याकडेही केरळातल्या त्याच पंथाच्या तीन मुलांना, उभे राहायचे पण राष्ट्रगीत म्हणायचे नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं, 1986 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं.

तर आता करायचं काय. फोन नको, साधं इमेल करा, चढा सूर न लावता, तीनच प्रश्न: हँडबुकातला कुठला नियम मोडला, शर्टामुळे त्या दिवशी नेमकं काय घडलं किंवा घडेल असं कशावरून वाटलं, आणि इतर घोषणांचे शर्ट चालतात का. पुष्कळदा एवढ्यावरच नरम पडतात. नाही पडले तर सुपरिंटेंडंट (शाळांच्या डिस्ट्रिक्टचा प्रमुख), मग एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची राज्यातली शाखा.

पण त्याआधी मुलाला विचारा, त्याला हे हवंय का. रोज त्या व्हाइस प्रिन्सिपलसमोरून जायचंय त्याला, तुम्हाला नाही. आमच्या थोरलीने तर मला शाळेच्या पार्किंग लॉटमध्येसुद्धा येऊ दिलं नव्हतं.