जुन्या सॉफ्टटॉप थारला रोल केज: चार पायांचा बोल्टवाला की सहा पायांचा?

तुमची थार २०२०च्या आधीची, सॉफ्टटॉप, रोज ऑफिसला आणि अधूनमधून ऑफरोडला जाणारी. रोल केज म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाईपांचा सांगाडा. अशा गाडीला मी चार पायांचा केज घेईन: सीटमागे मेन हूप (दोन पायांची मुख्य कमान), त्यात तिरका पाईप आणि मागे दोन आधार. सहा पायांच्या केजमध्ये पुढेही दोन पाय येतात आणि त्यांचे पाईप डोक्याजवळून जातात. हेल्मेट नसताना साध्या धडकेतही डोकं त्यावर आपटू शकतं आणि वर गुंडाळलेल्या काळ्या फोमने काही होत नाही. चार पायांच्या केजमध्ये पुढच्या काचेच्या बाजूने संरक्षण कमी मिळतं, हे खरं. दर आठवड्याला हेल्मेट घालून खडतर ट्रॅकवर जाणार असाल तर सहा पायांचाच घ्या.

पण पायांच्या संख्येआधी ते कशावर टेकतात ते बघा. गाडी उलटली की सगळा भार एखाद्या पायावर येतो आणि खाली नुसता फ्लोअरचा पत्रा असेल तर पाईप तो फाडून आरपार जातो. एफआयएच्या (मोटर रेसिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात मेन हूपच्या पायाखालची प्लेट किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची लागते, हूपच्या दर पायाला निदान तीन बोल्ट, तेही एम८ (८ मिमी व्यासाचे) आणि ८.८ या मजबुतीच्या ग्रेडचे. थारची बॉडी चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) रबरी माउंटवर बसते, त्यामुळे एक पाय चासीला आणि दुसरा बॉडीला असं करू देऊ नका. वेल्डिंगला तडे जातात.

पाईप सीमलेसच (लांबीत जोड नसलेला) मागा. मेन हूपला बाहेरचा व्यास ४५ मिमी आणि जाडी २.५ मिमी. काही फॅब्रिकेटर 'सी क्लास टाकतो, दणकट असतो' म्हणतात. तो पाण्याच्या लाइनचा पाईप आहे, त्याला सरळ नाही म्हणा. मग व्हर्निअर (व्यास मोजायचं साधन) घेऊन बेंड स्वतः मोजा. वळवताना पाईप चपटा होतो. बेंडवरचा लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीपेक्षा कमी भरला किंवा आतल्या बाजूला सुरकुत्या दिसल्या, तर तो पाईप परत करा, रंग मारायच्या आधीच.

मागच्या आडव्या सीटवर केज बसल्यावर कुणालाही बसवू नका, आधाराचे पाईप तिथूनच जातात. आणि ऑर्डर देण्यापूर्वी आरटीओ व विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ रचनेत केलेला बदल अडचणीत आणू शकतो.