सरकारी उपचार मोफत असूनही खेड्यातला गरीब रुग्ण कर्जबाजारी का होतो?

कारण केसपेपर मोफत असला, तरी दवाखान्याची वाट मोफत नसते. १५ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. परंतु बुडालेला रोज, भाड्याची जीप, सोबतच्या माणसाचे जेवण आणि साठा संपला म्हणून बाहेरून आणलेले औषध, हे सारे मजुराच्याच खिशातून जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या राज्याच्या आरोग्य विमा योजनेचा भर मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर असल्याने रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांना तिचा आधार मिळत नाही, आणि माझ्या मते खरी गळती इथेच आहे.

आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र हा सरकारी निकष कागदावर उदार वाटतो. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की गर्भवतीला खाटेवर उचलून न्यावे लागते, तिथे माणसे नव्हे, अंतर मोजायला हवे. गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या प्रशिक्षित स्त्रियांमार्फत नवजात बाळांची घरीच काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले, आणि २०११मध्ये 'आशां'मार्फत, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या स्त्रियांमार्फत, ही पद्धत देशभर स्वीकारली गेली.