‘अकरा जणांना पाठवा’: आजींच्या फोनमागची भीती

“आई दिवसभर मोबाइल घेऊन बसतात. देवाचे फोटो, देवाचे मेसेज सगळ्या नातेवाइकांना पाठवत राहतात. सांगून ऐकत नाहीत. फोन काढून घ्यावा का?”

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे सुनांनी विचारलाय, मुलांनी विचारलाय, माहेरी आलेल्या लेकींनी विचारलाय. उत्तर म्हणून मी एका घरातली गोष्ट सांगते. त्या आजींनी स्वतः ‘सांगा’ म्हटलंय, आणि ओळख पटेल असं सगळं मी बदललंय.

माझं समुपदेशनाचं काम कराडला चालतं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या बाई सासूबाईंना घेऊन आल्या. आजींचं वय ६९. नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. मुलाचं हार्डवेअरचं दुकान, नातू पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

सूनबाईच बोलत होत्या. “पहाटे साडेचारला सुरू होतात. माझ्या साहेबांचा नंबर चुकून सेव्ह झाला होता, त्यांनाही ‘हा मेसेज टाळू नका’ म्हणून गेला. नणंदेच्या सासरच्यांनी ब्लॉक केलं. ह्यांनी वैतागून फोन काढून घेतला आणि बटणांचा दिला. तेव्हापासून जेवण कमी, झोप नाही, बीपी १७० वर. आणि परवा कळलं, शेजारच्या मुलीला वीस रुपये देऊन तिच्या फोनवरून मेसेज पाठवून घेतात.”

आजी खाली बघत होत्या.

त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली, ती आधी सांगते. मी याला सवय समजले. फोन परत द्या, पण वेळ ठरवा, संध्याकाळी आठनंतर बंद, जोडीला भजनी मंडळ सुरू करा, असं वेळापत्रक लिहून दिलं. आजींनी मान हलवली. पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या आणखी वाळून. आठनंतर फोन बंद असायचा आणि आजी अंधारात अंथरुणावर बसून राहायच्या. ते वीस रुपये मी तेव्हाच नीट ऐकायला हवे होते. ज्याला मोबाइलचा नाद असतो त्याला हातात मोबाइल हवा असतो. आजींना मोबाइल नको होता, मेसेज गेलेला हवा होता.

सूनबाईंना बाहेर बसायला सांगितलं आणि आजींना विचारलं, “काकू, एखादा मेसेज पाठवायचा राहिला तर काय होईल असं वाटतं?”

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग पिशवीतून एक चाळीस पानी वही काढली. किराण्याच्या हिशेबाला वापरतात तशी, कोपरे दुमडलेली, पानांना उदबत्तीचा वास. प्रत्येक पानावर उभ्या ओळीत अकरा नावं आणि पुढे बरोबरच्या खुणा. काही पानांवर तीच अकरा नावं तीनदा. एका पानावर दहाच खुणा होत्या आणि अकराव्या नावाभोवती पेनानं इतक्या वेळा गोल केला होता की कागद फाटला होता.

“हे ऱ्हायलं होतं,” त्या म्हणाल्या. “नेट गेलं. नातू त्या दिवशी गाडीवरनं पुण्याला निघालेला. तो खंबाटकी उतरून पार होईस्तोवर मी पाणी नाही प्यायले.”

आणि मग हळू आवाजात, “ताई, माझ्या भावाला मीच घालवला.”

त्याच्या आदल्या वर्षी, गणपती उठल्यानंतरची गोष्ट. सकाळी त्यांना एक मेसेज आला होता. देवाचा फोटो, खाली ‘११ जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता, दुर्लक्ष केलंत तर वाईट बातमी’. त्यांनी पाठवला नाही. तेव्हा त्यांना पाठवायला येतही नव्हतं. संध्याकाळी विट्याहून फोन आला, धाकटा भाऊ गेला. हार्ट अटॅक.

घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलाला वाटत होतं आईला फोनचं वेड लागलं. सुनेला वाटत होतं म्हातारपणी देवाचं जरा जास्तच झालं. आणि ही बाई वर्षभर रोज अकरा माणसांचे, नव्हे, साऱ्या घराचे प्राण एकटी राखत बसली होती.

हे नवीन नाही. माझ्या लहानपणी अशीच पोस्टकार्डं यायची. एवढ्या प्रती लिहून पाठवा, अमक्यानं पाठवल्या त्याला लॉटरी लागली, तमक्यानं फाडलं त्याचा मुलगा गेला. माझ्या आईनं एका रात्रीत २१ कार्डं लिहिलेली मला आठवतात. पंधरा पैशांचं एक, म्हणजे सव्वातीन रुपयांना थोडं कमी, आणि तेव्हा आमच्या घरात ते जाणवायचं. पण तशी कार्डं फार तर वर्षाला एखाद-दोन यायची. आजींच्या फोनवर दिवसाला आठ-दहा यायचे.

अजून एक गोष्ट बघा. पुष्कळ फिरून आलेल्या मेसेजवर व्हॉट्सअ‍ॅप दोन बाणांची खूण दाखवतं आणि २०२० च्या एप्रिलपासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. अफवा पसरू नयेत म्हणून केलेली सोय, आणि चांगलीच. पण आजींना त्यामुळे अकरा जणांना अकरा वेळा तोच मेसेज उघडून पाठवावा लागे. जाड बोटं, मोतीबिंदूचं नुकतंच झालेलं ऑपरेशन. एका मेसेजला वीस-पंचवीस मिनिटं जायची. घरच्यांना दिसायचं ते एवढंच, की आई तासन्‌तास फोनमध्ये डोकं घालून बसलीय.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतात. मनात एक भयंकर विचार येतो, तो शमवायला माणूस एक कृती करतो, क्षणभर हायसं वाटतं. आणि त्या हायसं वाटण्यामुळेच भीती पक्की होते, कारण मन धरून चालतं की कृती केली म्हणून वाचलो. कुणी हात धूत राहतं, कुणी कुलूप ओढून बघत राहतं. ज्याच्या आयुष्यात देव मोठा असतो त्याचा मंत्रचळ पुष्कळदा देवाच्या नावानं येतो. अशा कृतींत रोजचा तासाहून जास्त वेळ जात असेल, खाणं-झोप बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. मी आजींना पाठवलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि गुण यायला काही आठवडे जातील, मध्येच सोडू नका, हे घरच्यांना समोर बसवून सांगितलं.

माझ्या बाजूनं मी आधी गणित करून पाहिलं. आजींनी सतरा वर्षं गल्लीतली भिशी सांभाळलेली, हिशेबाला पक्क्या. त्याच वहीच्या मागच्या पानावर आम्ही मांडलं. अकरांनी प्रत्येकी अकरांना, १२१. मग १३३१. नवव्या फेरीला आकडा २३५ कोटींवर गेला. “एवढी माणसं आपल्या देशात पण नाहीत,” आजी म्हणाल्या, “म्हणजे ज्यांनी नाही पाठवला असे कितीतरी असणार.” त्यांना पटलं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा अकरा खुणा केल्या. भीतीला गणित कळत नाही. घरच्यांनी ‘आई, असं काही नसतं’ शंभरदा समजावूनही उपयोग होत नाही तो याचमुळे.

मग आम्ही भीती मोजायला घेतली. दहापैकी किती, हे त्यांना जमेना. “आण्यांत सांगू?” म्हणाल्या. मग आण्यांत. अट घातलेला मेसेज आला की तो लगेच पाठवायचा नाही, अर्धा तास थांबायचं. सुरुवातीला किती आणे भीती, अर्ध्या तासानंतर किती, वहीत लिहायचं. पहिल्यांदा साधा फुलांचा ‘शुभ सकाळ, पुढे पाठवा’वाला घेतला, देवाचा नाही. चौदा आणे. अर्ध्या तासानं बारा. देवाच्या फोटोचा घेतला तेव्हा पूर्ण सोळा आणे, आणि अर्ध्या तासानं सोळाच. त्या दिवशी त्या माझ्यासमोर थरथरत बसल्या होत्या. मी काही समजूत घातली नाही. नुसती बसून राहिले. पाऊण तासानं म्हणाल्या, “चौदा असंल.” महिना-दीड महिन्यात अर्ध्या तासाचा अख्खा दिवस झाला, आणि दिवसअखेर आकडा चारवर यायला लागला.

देव काय करतो नि काय नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. तो माझा अधिकार नाही, आणि समुपदेशकानं तो घेऊही नये असं माझं ठाम मत आहे. मी म्हटलं, ज्यांना विचारावंसं वाटतं त्यांना विचारा. त्या दिंडीबरोबर बारा वेळा पंढरपूरला चालत गेलेल्या. दिंडीतल्या म्हाताऱ्या विणेकरीबुवांकडे गेल्या, वही दाखवली. बुवांनी वही चाळली आणि म्हणाले, “माउली, यात नाम कुठंय?” एवढंच. आजी मला हे सांगताना रडल्या, पण ते रडणं मोकळं होतं.

घरच्यांना मी तीन-चारच गोष्टी सांगितल्या. फोन परत द्या आणि तो काढून घेतल्याबद्दल मुलानं आईची माफी मागावी. त्याला जड गेलं, पण मागितली. चेष्टा अजिबात करायची नाही. नातू रोज पाच-सहा वेळा ‘आजी, मी बरा आहे’ म्हणून फोन करायचा, प्रेमानंच करायचा. तो बंद केला. रात्री नऊचा एकच फोन ठेवला, कारण खात्री देत राहणं म्हणजे त्या अकरा खुणांचीच बारावी खूण. सुट्टीत घरी आल्यावर त्यानं आजीच्या शेजारी बसून, तिच्याच बोटानं, तीन मोठे ग्रुप म्यूट केले, फोटो आपोआप उतरायचे बंद केले. आजीचं हरिपाठाचं आणि पंढरपूरच्या लाइव्ह दर्शनाचं मात्र काहीही काढलं नाही. भक्तीला हात लावायचाच नव्हता.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. तरी ते चार आणे काही केल्या उतरेनात. नवव्या की दहाव्या भेटीत मी विचारलं, “काकू, त्या दिवशी मेसेजशिवाय आणखी काही झालं होतं का?”

दुपारी पाऊण वाजता भावाचा फोन आला होता. आजी तेव्हा लाइव्ह दर्शन बघत होत्या. मध्येच रिंग वाजून विठ्ठल पडद्यावरून गेला म्हणून त्यांनी फोन कट केला. नंतर लावू म्हटलं. राहून गेलं. “मयताला गेले तेव्हा त्याचा फोन उशाशी पडलेला. भाच्यानं उघडला तर सगळ्यात वर माझं नाव. कुणी काही बोललं नाही. मीच बघत ऱ्हायले.”

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मेसेजचं पाप सोसायला सोपं होतं, अकरा खुणा केल्या की फिटायचं. या फोनचं कसं फेडणार?

आम्ही तीन भेटी फक्त भावावर बोललो. तो लहानपणी विहिरीत कसा पोहायचा, भाऊबीजेला दरवर्षी तोच पिवळा खण कसा आणायचा. मग मी सुचवलं, तो फोन कशासाठी होता ते भावजयीला विचारायचं का? उत्तर वाईटही असू शकेल, हे आधीच सांगितलं. आजी आठ दिवस विचार करत राहिल्या. मग सूनबाईंना बरोबर घेऊन एसटीनं विट्याला गेल्या.

भावजय म्हणाली, शेंगा वाळल्या होत्या, पोतं न्यायला कुणाला तरी पाठव म्हणून लावला होता. आणि डॉक्टरांनी सांगलीला जाऊन अँजिओग्राफी करायला सांगितली होती, ती ‘सुगी होऊ दे’ म्हणत त्यांनी दोन महिने पुढे ढकलली होती. हेही आजींना तिथंच पहिल्यांदा कळलं. दोघी ओसरीवर बसून रडल्या, आणि येताना भावजयीनं या वर्षीच्या शेंगांची पिशवी दिली. त्यातल्या भाजलेल्या शेंगा माझ्याही टेबलावर आल्या होत्या.

आता मूळ प्रश्न. फोन काढून घ्यावा का? घेऊ नका. आधी दार लावून, एकटं बसवून विचारा, नाही पाठवलं तर काय होईल असं वाटतं? कुणी हसून म्हणेल, काही नाही गं, सवय झाली. मग वेळेचं बोला, चष्म्याचं बोला, दुसऱ्या विरंगुळ्याचं बोला. पण कुणी गप्प होईल, तर त्या गप्प बसण्यापाशी थांबा. तुम्हाला एकट्यानं झेपणार नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आजींची शेवटची भेट कार्तिकी एकादशीनंतर झाली. वही आणली होती, पण तिच्यात आता दुधाचा हिशेब होता. गोळी डॉक्टरांनी अजून चालू ठेवलीय. अधूनमधून दोन आणे येतात, म्हणाल्या, आले की येऊ देते. आम्ही बोलत असताना टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं.

“थांबा ताई, भावजयीचा आहे, घेते,” म्हणाल्या, आणि फोन कानाला लावून बाहेर व्हरांड्यात गेल्या.